रिकामी खोली हेच भांडवल : फ्लोरिडातल्या एका ‘गावा’चा प्रकरण अभ्यास

या प्रकरणाची सुरुवात एका न झालेल्या सहलीपासून होते. १९८६ साल. अमेरिकेतली सहा वर्षांची एक मुलगी. तिला रक्ताचा कर्करोग होता. तिला फ्लोरिडाला जाऊन मिकी माउसला भेटायचं होतं. आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या एका संस्थेने तिची सहल ठरवायला घेतली आणि डिस्ने वर्ल्डजवळच्या एका हॉटेलमालकाकडे चार-सहा रात्रींची खोली फुकट मागितली. मालकाने लगेच होकार दिला. अशा मागण्या त्याच्याकडे आधीही येत असत आणि तो त्यांना नाही म्हणत नसे. यावेळी मात्र पाहुणे आलेच नाहीत. चौकशी केल्यावर कळलं की विमानाची तिकिटं, उद्यानांचे पास, राहण्याची सोय असं सगळं जुळवेपर्यंत मुलगी गेली.

हॉटेलमालकाचं नाव हेन्री लँडवर्थ. त्याच वर्षी त्यांनी ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था सुरू केली. आज ऑरलँडोच्या दक्षिणेला किसिमी इथे तिचं ८९ एकरांचं, १६६ व्हिलांचं एक गाव आहे. तिथे गंभीर आजारी मूल, त्याचे आईवडील आणि भावंडं आठवडाभर राहतात आणि त्यांना एक पैसाही खर्च करावा लागत नाही. १९८६ पासून अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतून आणि ७५ हून अधिक देशांतून पावणेदोन लाखांहून जास्त कुटुंबं तिथे राहून गेली आहेत.

दानधर्माच्या गोष्टी सांगताना आपण ‘किती मोठं मन’ या मुद्द्यावर थांबतो. या प्रकरणात मन मोठं होतं यात शंका नाही. पण मला जास्त रस आहे तो हे काम एका हॉटेलवाल्याच्या हातून झालं यात. एखाद्या डॉक्टरने किंवा समाजसेवकाने ते उभं केलं असतं तर ते वेगळं झालं असतं आणि बहुधा हळू चाललं असतं.

सहल अडली कुठे?

त्या मुलीच्या बाबतीत पैशांची अडचण नव्हती. खोली फुकट होती, तिकिटांसाठी देणगीदार मिळाले असते, उद्यानवाल्यांनीही पास दिले असते. प्रत्येकजण हो म्हणणाराच होता. अडचण अशी की हे सगळे ‘हो’ एकाच आठवड्यात बसवायचे होते आणि तो आठवडा कोणता, हे आजार ठरवत होता.

ज्यांच्या घरात केमो झाली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. औषध चढलं की साधारण आठवड्या-दीड आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. ‘काउंट पडले’ की घरात पाहुणे बंद, बाहेरचं खाणं बंद, आणि ताप शंभरच्या वर सरकला की रात्री दोन वाजता रुग्णालय गाठायचं. मग काउंट वर येतात, मूल जरा हसू-खेळू लागतं, आणि तोवर केमोच्या पुढच्या फेरीची तारीख येऊन ठेपते. मधले जे मोजके बरे दिवस असतात त्यांतच प्रवास करायचा. ते दिवस दोन महिने आधी सांगता येत नाहीत. कधी कधी आठवडाभर आधीही सांगता येत नाहीत. उपचार थकले असतील तर असे दिवस पुन्हा येतील की नाही हेही कोणी सांगत नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. हॉटेलची खोली आधी आरक्षित करावी लागते. देणगी म्हणून खोली द्यायची तर ती गर्दीच्या हंगामात मिळत नाही. विमान कंपनीची मंजुरी वेगळ्या टेबलावर, उद्यानाच्या पासची वेगळ्या. डॉक्टरांचं ‘प्रवासाला हरकत नाही’ हे पत्र हातात येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, आणि पत्र आलं की सगळ्यांनी एकदम धावायचं. प्रत्येक कडी आपापल्या वेगाने चालते, आणि सगळ्यांचा मिळून वेग सर्वांत मंद कडीइतकाच राहतो.

लँडवर्थ यांनी हे दुखणं ओळखलं. ओळखीच्या हॉटेलवाल्यांना आणि मोठ्या उद्यानांना त्यांनी अशी गळ घातली, की मंजुरी प्रत्येक मुलासाठी नव्याने मागायची नाही, ती आधीच देऊन ठेवायची. पुढे गरज पडली तर २४ तासांत एखाद्या कुटुंबाला आणता येईल इतकी यंत्रणा बसली. हॉटेलच्या धंद्यात रात्र उलटली आणि खोली विकली गेली नाही तर तो तोटा कायमचा, कारण कालची रात्र आज विकता येत नाही. इथे त्यांनी तो हिशेबच उलटा मांडला. कोण येणार हे ठाऊक नसताना अंथरूण घालून ठेवलेली खोली हाच या संस्थेचा खरा माल. बाकी सगळं, आइस्क्रीम धरून, त्यानंतर येतं.

माणूस

लँडवर्थ यांचा जन्म १९२७ चा, बेल्जियममधल्या अँटवर्पचा. घर ज्यू. युद्धाआधी कुटुंब पोलंडला गेलं आणि तिथेच अडकलं. वयाच्या तेराव्या ते अठराव्या वर्षापर्यंतचा काळ त्यांनी नाझींच्या छळछावण्यांत काढला, त्यात आउशवित्झ आणि माउटहाउझेनही होत्या. आईवडील मारले गेले. ते आणि त्यांची जुळी बहीण वाचली. युद्धानंतर ते अमेरिकेला पोचले तेव्हा खिशात वीस डॉलर होते असं सांगतात. तिथे सैन्यात भरती, मग हॉटेलात पडेल ते काम, आणि पुढे फ्लोरिडात कोको बीच इथल्या मोटेलचं व्यवस्थापन. अंतराळयानं सोडण्याचं केंद्र असलेलं केप कॅनव्हरल जवळ असल्यामुळे अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेचे, मर्क्युरीचे, अंतराळवीर तिथे उतरत. त्यांतले जॉन ग्लेन लँडवर्थ यांचे आयुष्यभराचे मित्र झाले. १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड उघडलं आणि ऑरलँडोभोवतीच्या हॉटेलधंद्याचं सोनं झालं. लँडवर्थ तेव्हा योग्य जागी होते.

ज्याचं बालपण हिरावलं गेलं त्याने मुलांना बालपण दिलं, असं वाक्य त्यांच्याबद्दल हमखास लिहिलं जातं. ते खोटं नाही. पण छावणीतून बाहेर आलेले सगळेच अशी गावं वसवत नाहीत, आणि ज्यांनी अशी कामं केली ते सगळेच छावणीतून आलेले नव्हते. त्यांच्याच दुसऱ्या एका कामाकडे पाहिलं तर विचाराची दिशा जास्त नीट कळते. पुढे त्यांनी जॅकसनव्हिलला ‘डिग्निटी यू वेअर’ ही संस्था काढली. बेघर लोकांना कपडे द्यायचे, पण कोरे. जुने, उतरवलेले नाहीत. घेणाऱ्याला आपण घेतोय याची लाज वाटू नये, ही अट दोन्ही कामांत सारखीच दिसते.

गाव कसं चालतं

पहिली दोन-तीन वर्षं इतरांच्या हॉटेलांतल्या खोल्यांवर काम निभावलं. कुटुंबांची संख्या वाढली तशी ती व्यवस्था अपुरी पडू लागली आणि १९८९ मध्ये स्वतःचं गाव उघडलं. अमेरिकेत ज्या मुलांच्या इच्छा अशा संस्था पूर्ण करतात त्यांतली साधारण निम्मी मुलं ऑरलँडोची उद्यानंच मागतात, असं संस्थेचं म्हणणं आहे. तेव्हा जागेचा प्रश्नच नव्हता. गाव तिथेच असायला हवं होतं.

कुटुंब थेट अर्ज करू शकत नाही. ‘मेक-अ-विश’सारखी इच्छापूर्ती करणारी संस्था मुलाचं नाव कळवते. वय ३ ते १८, आजार जिवावरचा, आणि इलाज करणाऱ्या डॉक्टरांची संमती. विमानाची तिकिटं आणि गाडी यांची जबाबदारी पाठवणाऱ्या संस्थेकडे. राहणं, जेवण, गावातल्या गोष्टी या गावाकडे. डिस्ने, युनिव्हर्सल, सीवर्ल्ड पास देतात. ऑरलँडोच्या विमानतळावर स्वयंसेवक नावाची पाटी घेऊन उभा असतो. ही गोष्ट बारीक वाटते, पण ज्यांना ऑक्सिजनचं यंत्र, औषधांची थंड पेटी, व्हीलचेअर आणि दोन लहान पोरं असं सगळं घेऊन विमानातून उतरायचं असतं त्यांना विचारा.

उत्पन्नाची अट नाही. आपल्याकडे ‘फुकट’ म्हटलं की पुढचा प्रश्न रेशनकार्ड पिवळं की केशरी असा येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आजारी मुलाच्या आईवडिलांनी वर्ष-दोन वर्षं फक्त कागदच सिद्ध केलेले असतात, विमा कंपनीपुढे, रुग्णालयापुढे, ऑफिसपुढे. आणखी एका खिडकीवर आपलं हलाखीचं जिणं सिद्ध करायला लावलं तर सुट्टीची अर्धी गोडी तिथेच संपते. श्रीमंत घरही यात येतं, यावर टीका होऊ शकते. मला ती फारशी पटत नाही. चौकशी करायला लागणारा वेळ आणि माणसं यांचा खर्च, आणि चौकशीत जाणारे ते बरे दिवस, हे धरले तर अट नसणंच स्वस्त पडतं.

आता आइस्क्रीमबद्दल. गावात एक आइस्क्रीम पॅलेस आहे, सकाळी साडेसातला उघडतो आणि रात्रीपर्यंत चालतो. न्याहारीला आइस्क्रीम मागितलं तर मिळतं, कोणी भुवया उंचावत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा लाडांचा कळस वाटेल. पण केमोत तोंड सोलवटतं, चव जाते, खाण्याच्या वासानेच मळमळतं. घरी प्रत्येक जेवण म्हणजे आई आणि मूल यांच्यातलं भांडण झालेलं असतं. ‘दोन घास तरी’, ‘नको’, ‘मग नळी घालतील’. तोंडात फोड आलेल्या मुलाला गार आणि मऊ पदार्थ गिळता येतो. आणि भूक सकाळी आठला लागली तर सकाळी आठलाच लागते, पुढच्या तासाला ती नसते. म्हणून तो काउंटर साडेसातला उघडतो. ज्याने वेळ ठरवली त्याने अशी मुलं पाहिलेली असणार.

तसंच तरण तलावाचं. कडेला पायऱ्या नाहीत, जमीनच हळूहळू उतरत पाण्यात जाते आणि पाण्यात चालणारी चाकाची खुर्ची तिथे मिळते. खेळायचं मैदान एका प्रसिद्ध अमेरिकन बोर्डगेमच्या पटासारखं रंगवलं आहे आणि त्यावर रबराचा थर आहे. व्हीलचेअर अडत नाही, पडलं तरी हाड वाचतं. ज्या मुलाला प्रत्येक बागेत बाकावर बसून इतरांचा खेळ पाहायची सवय झाली आहे ते इथे पटावर स्वतः सरकतं. गावातल्या झोक्यासारख्या पाळण्यात खुर्चीसकट बसता येतं, आधी उचलून काढायला लागत नाही. आईबापांच्या कंबरेला हे कळतं.

गावाला महापौर आहे, सहा फुटी ससा. आधी सांगून ठेवलं तर तो रात्री व्हिलात येऊन मुलाला पांघरूण घालून जातो. दर आठवड्याला नाताळ येतो, हॅलोवीन येतो. तेही पोरांच्या हौसेपुरतं असेल असं वाटतं, पण ज्या घरात डिसेंबरपर्यंतचा भरवसा नाही त्या घराला जूनमध्ये नाताळ हवाच असतो आणि तो मागायला तोंड उघडत नाही. इथे तो मागावा लागत नाही, कॅलेंडरमध्येच असतो.

भावंडांचा विचार मला यात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. धडधाकट भाऊ किंवा बहीण ही या आजारातली विसरलेली मंडळी. महिनोन्‌महिने मावशीकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेवलेली, शाळेच्या संमेलनाला कोणी न आलेली, ‘तू मोठी ना’ हे ऐकून कंटाळलेली. त्यांच्या मनात मत्सर असतो आणि मत्सराची शरमही असते. गावात भेटवस्तू येते ती प्रत्येक मुलाला येते. रांग टाळून आत जायची सोय उद्यानात मिळते तीही सगळ्या घराला. आजारी मुलाला एकट्याला पाठवणारीही चांगली शिबिरं आहेत. अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ मध्ये कनेक्टिकटला असं एक शिबिर काढलं, आणि १९९४ मध्ये आयर्लंडमधल्या एका जुन्या किल्ल्यात बॅरेट्सटाउन सुरू झालं. तिथे डॉक्टर-परिचारिका हाताशी असतात आणि मूल आईपासून दूर, आपल्यासारख्याच मुलांत रमतं. त्याचा फायदा वेगळा आहे, मुलाला ‘मी एकटा नाही’ हे कळतं. फ्लोरिडातल्या गावाने मात्र पेशंट म्हणून मुलाला धरलं नाही, सगळ्या घराला धरलं. दोन्हींची गरज आहे, पण भाऊबहिणींसाठी गावाचा मार्ग जास्त चालतो.

माणसं कुठून येतात

गावाला आठवड्याला १,८०० च्या आसपास स्वयंसेवकांच्या पाळ्या लागतात. व्हिला १६६. सगळ्या भरल्या तर कुटुंबामागे आठवड्याला जवळपास अकरा पाळ्या. आइस्क्रीम वाढणं, जेवणघरात थाळ्या उचलून टेबलापर्यंत नेणं (आईबापांचे दोन्ही हात खुर्चीवर किंवा मुलावर असतात), पाळण्याचं बटण दाबणं, मुलाच्या गालावर वाघ रंगवणं. यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते कुटुंबामागे अकरा पाळ्यांची माणसं दर आठवड्याला, वर्षाचे ५२ आठवडे हजर ठेवणं. आपल्याकडे गणपतीत मंडपात वाढायला शंभर हात मिळतात. अनंत चतुर्दशीनंतर किती उरतात हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. ऑरलँडोला पर्यटनावर जगणारं मोठं शहर पाठीशी आहे, कंपन्या कर्मचाऱ्यांचे गट पाठवतात, निवृत्त लोक फ्लोरिडात येऊन राहतात. हा मनुष्यबळाचा साठा त्या भूगोलाचा आहे. तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

पैशांचंही तसंच. खर्चाचा मोठा हिस्सा रोख रकमेत मोजताच येत नाही. पास, अन्न, बांधकामाचं सामान, खेळाच्या वस्तू हे थेट येतं. खेळण्यांच्या एका मोठ्या कंपनीने वर सांगितलेलं मैदान उभं केलं. देणाऱ्याला आपलं नाव मिळतं, गावाला वस्तू मिळते. यात धंद्याचा स्वार्थ नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. उद्यानांना या मुलांमुळे प्रतिमा मिळते. पण स्वार्थ असल्यामुळेच ती देणगी टिकाऊ असते, कारण ती कोणा एकाच्या दयेवर चालत नाही.

तारा

गावात एक किल्ला आहे. कल्पनेतला, बुटका, आत घोरणारं झाड असलेला. आजारी मुलाला तिथे एक सोनेरी तारा देतात. मूल त्यावर आपलं नाव लिहितं आणि सजवतं. रात्री ‘ताऱ्यांची परी’ तो नेऊन छताला लावते. सकाळी येऊन तो कुठे आहे ते शोधायचं. छतावर एवढे तारे झाले की आत जागा उरली नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा मनोरा बांधावा लागला.

याबद्दल मला दोन मतं आहेत. आईबापांना तो तारा मागे राहतो म्हणून दिलासा मिळतो, आणि ज्यांचं मूल पुढे जग सोडून जातं त्यांच्यासाठी तो एक खूण असतो, हे मी समजू शकतो. पण सात वर्षांच्या मुलाच्या नजरेने पाहिलं तर वर हजारो नावं आहेत, आणि त्यातली काही मुलं आता नाहीत. मोठी मुलं हे ओळखत असतील. गावाने या विधीला स्मारकाचं रूप दिलेलं नाही, खेळाचं दिलं आहे, तो नाजूक तोल त्यांनी सांभाळला आहे. तो तसाच राहतो याचं श्रेय मी स्वयंसेवकांना देईन, कारण शब्द जपून वापरावे लागतात ते त्यांनाच.

सहलीने काय साधतं?

हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण त्या पैशांत औषधं येऊ शकतात असं म्हणणारे नेहमी भेटतात. ओहायोतल्या कोलंबस शहरात नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटल आहे. तिथल्या मंडळींनी इच्छा पूर्ण झालेल्या ४९६ मुलांची, तशीच पण इच्छा पूर्ण न झालेल्या ४९६ मुलांशी तुलना केली. इच्छा पूर्ण झालेल्या मुलांत अचानक दाखल व्हायचं प्रमाण कमी होण्याची शक्यता २.५ पट, आणि इमर्जन्सीत यावं न लागण्याची १.९ पट निघाली. म्हणजे रुग्णालयाच्या खर्चाच्या बाजूनेही ही सुट्टी उगीच वाया गेलेली नाही.

पण हा निकाल चिमटीतच धरावा. ज्या मुलाला प्रवास झेपतो तेच मूल सहलीला जातं. आजार जास्त वाढलेलं मूल इच्छा मागायला आलं तरी त्याची सहल आधी पुढे ढकलली जाते. मग दोन गटांतला फरक सहलीचा किती आणि मुळातल्या तब्येतीचा किती? संशोधकांनी जोड्या लावताना वय, आजार वगैरे जुळवलं असलं तरी हा प्रश्न पूर्ण मिटत नाही. आणि मिटला नाही तरी सहलीचं समर्थन मला अडत नाही. मुलाला खेळायला मिळालं याचं मोल दाखल होण्याच्या दिवसांत मोजावं लागावं, हे थोडं केविलवाणंच आहे.

वाट पाहणं परत आलं

२०१८ च्या एप्रिलमध्ये लँडवर्थ ९१ व्या वर्षी गेले. दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, गाव इतिहासात पहिल्यांदा बंद झालं. कोविडमध्ये सगळीच पर्यटनस्थळं बंद होती, पण बाकीच्यांना ग्राहक उशिरा मिळणार होते, यांना सर्वांत उशिरा. रोगप्रतिकार शक्ती केमोने किंवा अवयव प्रत्यारोपणाच्या औषधांनी मारलेली मुलं गर्दीत आणायची नव्हती. ‘मेक-अ-विश’ने प्रवासाच्या इच्छा थांबवल्या. बहुसंख्य कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करावं लागलं. जी संस्था मुलाला थांबावं लागू नये म्हणून जन्माला आली तिचाच मुख्य माल पडून राहिला आणि मुलं थांबली.

इथे पुन्हा हॉटेलवाल्याचा हिशेब उपयोगी पडला, लँडवर्थ नसताना. रिकामी घरं आहेत, डिस्नेने आपल्या एका गाजलेल्या नाताळच्या रोषणाईतले दिवे आधीच देऊन ठेवले आहेत. तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये गावातल्या व्हिला त्या दिव्यांनी सजवल्या आणि तिकीट लावून सामान्य लोकांना पाहायला उघडल्या. ज्या गावात एरवी बाहेरच्यांना फारसा प्रवेश नाही तिथे शेजारचे लोक पहिल्यांदा आले. हा उपक्रम पुढेही चालू राहिला. जानेवारी २०२१ मध्ये थोड्या कुटुंबांनिशी गाव पुन्हा सुरू झालं. या टप्प्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते : तयार खोल्या ठेवणं महाग आहे, आणि ते परवडायचं असेल तर बंद दिवसांसाठी दुसरं उत्पन्न आधी शोधून ठेवलं पाहिजे. या गावाने ते संकट आल्यावर शोधलं. नशीब की त्यांच्याकडे दिवे होते.

इकडचा संदर्भ

‘मेक-अ-विश’ भारतात १९९६ पासून आहे आणि मुख्य कार्यालय मुंबईत आहे. पण मुंबईत आजारी मुलाच्या घरच्यांची पहिली गरज सहल नाही, छप्पर आहे. परळच्या टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर झोपलेली कुटुंबं मुंबईकरांनी पाहिली आहेत. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, कुठून कुठून आलेली. त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी दशकानुदशकं काम केलं, आणि २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स मुलांच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या कुटुंबांना फुकट जागा देतात. कॉटन ग्रीनला त्यांच्या इमारती आहेत. तिथे प्रत्येक कुटुंबाला आपली जागा मिळते आणि स्वयंपाक स्वतः करायचा असतो. आईला मुलाच्या तोंडाला रुचेल ते, आपल्या गावच्या पद्धतीने, आपल्या मसाल्यात करता येतं.

वरवर पाहिलं तर फ्लोरिडातलं आइस्क्रीम आणि कॉटन ग्रीनची चूल यांचा काही संबंध नाही. पण दोन्हीकडे एकच गोष्ट ओळखली गेली आहे : केमोतल्या मुलाचं खाणं त्याच्या वेळेला आणि त्याच्या चवीला, घरच्यांच्या हातात परत द्यायचं. एक जागा सुट्टीच्या आठवड्यासाठी, दुसरी आठ-दहा महिन्यांच्या उपचारांसाठी. आपल्याकडे ऑरलँडोसारखं गाव बांधायला कोणी निघालं तर मी आधी म्हणेन, फुटपाथ रिकामा होईपर्यंत थांबा. मात्र हॉटेलवाल्याचा तो हिशेब, मंजुरी आधी घेऊन ठेवायची आणि माणूस नंतर येऊ द्यायचा, तो इथेही लागू आहे. अनोळखी शहरात दाखल झाल्या संध्याकाळी खोली मिळणं आणि आठ दिवसांनी खोली मिळणं यांत ते आठ दिवस फुटपाथवर जातात.

मुलं बदलली

१९८६ मधल्या त्या मुलीच्या आजाराचा, मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वसाधारण प्रकार आहे त्यात, आज अमेरिकेत दहापैकी नऊ मुलं वाचतात. त्यामुळे गावात येणाऱ्यांचं चित्र पालटलं आहे. ‘मरणाच्या दारातलं मूल’ ही जुनी कल्पना खुद्द इच्छापूर्तीच्या संस्थाही आता वापरत नाहीत, ‘गंभीर आजार’ म्हणतात, आणि येणारी पुष्कळ मुलं पुढे मोठी होतात. दुसरीकडे, पूर्वी ज्यांना प्रवासाचा विचारही करता येत नव्हता अशी मुलं आता येऊ शकतात. स्नायूंचे आजार असलेली, जन्मतः गुणसूत्रांचा दोष असलेली, रात्री श्वासाला यंत्र लागणारी. या मुलांना औषधांपेक्षा जागा जास्त लागते. मोठ्या वजनाच्या चौदा वर्षांच्या मुलाला आई उचलू शकत नाही. रात्री वीज गेली तर यंत्राला दुसरी वीज हवी. सामानात दोन बॅगा नसतात, एका मिनी टेम्पोइतकं सामान असतं.

इच्छा एकदाच पूर्ण होते, असा नियम आहे. जेव्हा ही इच्छा शेवटची असायची तेव्हा तो नियम सहज होता. आज त्याच नियमाखाली पाच वर्षांचं मूल येतं, पंचवीस वर्षं जगतं, आणि त्याची आई तेवढी वर्षं रात्री दर तीन तासांनी उठते. त्या आईला मध्ये एकदा विश्रांती देण्यासाठी अशा गावाच्या पद्धतीत अजून जागा नाही. ते काम बाकीच्या जगाने आपल्याकडे घ्यावं की याच गावाने आपली खोली दुसऱ्यांदा उघडावी, यावर मला वाटतं गावाचाच निर्णय आधी व्हायला हवा, कारण घरं त्यांच्याकडे आहेत. १६६ घरं, वर्षाला जास्तीत जास्त साडेआठ हजार कुटुंबं. दुसऱ्यांदा येणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागे पहिल्यांदा येणारं एक कुटुंब थांबतं.